वजनाचा आकडा नको, वाढीची रेघ बघ

अगं, जुळी आहेत म्हटल्यावर तुझ्या घरात आता काय काय सुरू झालं असेल, ते मला इथे बसून कळतंय. सासूबाई माहेरच्या कुणाकुणाला जुळी झाली ते आठवत असतील, शेजारच्या काकू तू जोडकेळं कधी खाल्लंस ते विचारत असतील, आणि रात्री सगळे झोपले की तू मोबाइल घेऊन एकटीच वाचत बसत असशील. तो मोबाइल जरा खाली ठेव. माझ्या जुळ्या मुलींच्या वेळी मी डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, त्यातलं तुला खरंच लागणार आहे तेवढं सांगते.

आधी तुझी बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफीची फाइल काढ आणि तीत एकच गोष्ट शोध. वार एक आहे की दोन? ‘डायकोरिऑनिक’ लिहिलं असेल तर दोघांना आपापली वार आहे. ‘मोनोकोरिऑनिक’ असेल तर दोघांत मिळून एकच. पुढे ‘डायअॅम्निऑटिक’ असेल तर गर्भजलाची पिशवी मात्र प्रत्येकाची वेगळी. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना जाऊन विचार. हे ओळखायची सगळ्यात चांगली वेळ ११ ते १४ आठवड्यांची असते. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे जाडसर त्रिकोणी टोक दिसलं तर ती ‘लॅम्डा’ची खूण, म्हणजे दोन वार. पडदा पातळ आणि वारेवर सरळ उभा टेकलेला दिसला तर ती ‘टी’ची खूण, म्हणजे वार एकच. दिवस वर गेले की ही खूण पुसट होत जाते. शिवाय दोन वार शेजारी शेजारी वाढून एकमेकींना चिकटल्या की त्या एकच वाटू शकतात. म्हणून हे उत्तर आत्ताच पक्कं करून घ्यायचं.

यात एक गैरसमज फार जणींचा होतो. दोन वार म्हणजे जुळी दिसायला वेगवेगळीच असणार, असं त्यांना वाटतं. तसं नाही. हुबेहूब जुळ्यांपैकीही साधारण पाव ते एक तृतीयांश जोड्यांना आपापली वार असते. चेहरे सारखे होणार की नाही, ते जन्मल्यावर कळेल. डॉक्टरांना हवी असते ती वारेची माहिती, कारण तुझी पुढची सगळी देखरेख तिच्यावर ठरणार आहे.

का ते सांगते. दोन वार असतील तर प्रत्येक बाळाचा रक्तपुरवठा स्वतंत्र. एकच वार असेल तर ते एकाच विहिरीवर दोन भावांची शेतं असल्यासारखं असतं. पाण्याचा वाटा दोघांना सारखा मिळेलच असं नाही, आणि खालून एकाचं पाणी दुसऱ्याकडे झिरपतही राहतं. एकाच वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक जोड्यांत ही देवाणघेवाण बरोबरीची राहते आणि काही बिघडत नाही. पण साधारण दहा-पंधरा टक्के जोड्यांत रक्त एकाच बाजूला जास्त जायला लागतं. तेव्हा देणाऱ्या बाळाचं गर्भजल आटत जातं आणि घेणाऱ्याचं वाढत जातं. सोनोग्राफीत एकाच्या पिशवीतला पाण्याचा सगळ्यात खोल खण २ सेंटिमीटरच्या खाली आणि दुसऱ्याचा ८ सेंटिमीटरच्या वर गेला, की डॉक्टर सावध होतात. हे वेळेवर सापडलं तर दुर्बिणीतून लेझरनं त्या जोडवाहिन्या बंद करण्याचा उपचार आहे. तो साधारण १६ ते २६ आठवड्यांच्या काळात करतात, आणि मुंबई-पुण्यात तो करणारे तज्ज्ञ आहेत. पण आधी ते सापडायला हवं ना! म्हणून एक वार असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी, त्यात खाडा नाही. दोन वार असतील तर विसाव्या आठवड्याच्या सविस्तर तपासणीनंतर दर चार आठवड्यांनी, म्हणजे २४, २८, ३२, ३६ अशी. डॉक्टरांना काही खटकलं तर ते अधूनमधूनही बोलावतील. “इतक्या सोनोग्राफ्या कशाला, बाळांना त्रास होतो,” असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. यात क्ष-किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. आणि जुळ्यांत पोटाला टेप लावून वाढ कळत नाही. गर्भाशय किती मोठं झालं ते टेप सांगेल, त्यातलं कोण वाढलं आणि कोण मागे पडलं ते नाही.

आता वजनाकडे येते, कारण तुझी झोप तिथेच उडणार आहे. रिपोर्टावर दोन आकडे येतील आणि घरातले सगळे त्या आकड्यांवर तुटून पडतील. ते वजन कुणी तराजूत घातलेलं नसतं. डोक्याचा घेर, डोक्याची रुंदी, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात आणि सूत्रात घालून वजनाचा अंदाज काढतात. चांगल्या हातांनी, चांगल्या मशिनवर केला तरी तो अंदाज दहा-पंधरा टक्क्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. म्हणजे दीड किलो लिहिलेल्या बाळात दीड-दोनशे ग्रॅमचा फरक धरून चालायचं. म्हणून तर वाढ बघायची दोन मापं निदान दोन आठवड्यांच्या अंतरानं घेतात. आठवड्याभरातच पुन्हा मोजून “साठच ग्रॅम वाढलं गं” म्हणून रडण्यात काही अर्थ नाही. त्या फरकात बाळाची वाढ किती आणि मोजण्यातली चूक किती, ते वेगळं काढताच येत नाही.

म्हणून एक आकडा धरून बसू नकोस, रेघ बघ. प्रत्येक बाळाच्या मापांचे ठिपके तक्त्यावर मांडले की एक रेघ तयार होते. बारीक बाळाची रेघ खालच्या अंगाला असली, पण आपल्या वाटेनं वर चढत असली, तर ते बाळ लहानखुरं पण वाढतं आहे. रेघ आडवी व्हायला लागली, आधी ज्या पट्ट्यात होती तिथून खाली घसरायला लागली, तर ते काळजीचं. चारही मापांत पोटाच्या घेराकडे जास्त लक्ष दे. बाळाला अन्न कमी पडलं की ते आधी मेंदूला पुरवतं. यकृतातला साठा आणि पोटावरची चरबी आधी कमी होते. म्हणून डोकं आठवड्यांप्रमाणे आणि पोट मागे, असं दिसलं तर डॉक्टर थांबून विचार करतात.

आणि ही रेघ खरी राहायला हवी असेल तर दोन्ही बाळांची ओळख प्रत्येक वेळी तीच राहायला हवी. खालचं, गर्भाशयाच्या तोंडाजवळचं बाळ सहसा पहिलं धरतात. पण नुसतं ‘पहिलं-दुसरं’ पुरत नाही. डावीकडचं की उजवीकडचं, कुणाची वार पुढे आणि कुणाची मागे, नाळ वारेला मधोमध जोडलेली आहे की कडेला, हे रिपोर्टात असलं की अदलाबदल होत नाही. नाहीतर एका महिन्यात एक बाळ एकदम गुटगुटीत आणि दुसरं एकदम खंगलेलं, असं कागदावर दिसतं आणि आई उगाच खचते. सोनोग्राफीला जाताना मागचे सगळे रिपोर्ट घेऊन जा, आणि जमेल तितकं एकाच ठिकाणी, एकाच डॉक्टरांकडे करून घे.

तुलनेचंही सांगते. अॅपमध्ये आणि पुस्तकांत आठवड्यावार वजनाचे जे तक्ते असतात, ते बहुतेक एकट्या बाळाचे असतात. जुळी साधारण २८ ते ३२ आठवड्यांपर्यंत एकट्या बाळासारखीच वाढतात आणि नंतर त्यांची चाल मंदावते. त्या तक्त्याशी तुलना केलीस तर शेवटच्या दोन महिन्यांत तुझी दोन्ही बाळं तुला लहानच दिसतील. जुळ्यांसाठी वेगळे तक्ते निघाले आहेत. तुझे डॉक्टर कुठला वापरतात ते विचार, आणि शेवटपर्यंत तोच वापरायला सांग.

दोघांतला फरक मात्र स्वतः काढायला शीक, सोपा आहे. मोठ्याच्या वजनातून लहानाचं वजा कर आणि उरलेल्याला मोठ्याच्या वजनानं भाग. एक १६०० ग्रॅम, दुसरं १३६० असेल तर फरक २४० चा, म्हणजे १५ टक्के. इतका फरक जुळ्यांत पुष्कळदा असतो. १६०० आणि १२०० असेल तर तो २५ टक्के झाला. तो २० च्या पुढे गेला की डॉक्टर जास्त वेळा बघायला लागतात. २५ झाला, किंवा लहान बाळ आठवड्यांच्या मानानं सगळ्यात खालच्या दहा टक्क्यांत गेलं, तर गर्भवैद्यकाच्या तज्ज्ञांना दाखवायचं. माझ्या दोघींतही एक दुसरीपेक्षा बारीकच होती. पण तिची रेघ कधी मोडली नाही, आणि त्याच जोरावर आम्ही बाळंतपणाची घाई न करता थांबू शकलो.

लहान बाळाची खरी हालहवाल वजनापेक्षा डॉपलर जास्त सांगतं. नाळेतल्या रोहिणीतून रक्त कसं वाहतं ते त्यात दिसतं. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातही रक्त पुढेच सरकत राहायला हवं. ते क्षणभर थांबायला लागलं, किंवा उलटं फिरायला लागलं, तर वारेत अडथळा वाढला आहे असं समजतात. एक वार असलेल्या जुळ्यांत कधी कधी हा प्रवाह आत्ता चांगला, मग बंद, पुन्हा चांगला, असा येऊन-जाऊन असतो. त्यांच्या बाबतीत नेमकं काय होईल ते आधी सांगणं अवघड असतं, म्हणून तिथे तज्ज्ञांचाच हात हवा. मेंदूतल्या रोहिणीचाही वेग मोजतात. एकाच वारेत एक बाळ हळूहळू पांढरं पडत जातं आणि दुसऱ्याचं रक्त दाट होत जातं, असा एक छुपा प्रकार असतो. त्यात गर्भजल ठीक दिसतं आणि फरक फक्त या वेगातून कळतो. तुझी वार एकच असेल तर विसाव्या आठवड्यानंतर दर वेळी “मेंदूतल्या रोहिणीचं डॉपलर केलंत ना?” एवढं विचारायला लाजू नकोस.

आता हे नीट ऐक. एक बाळ मागे पडलं तर घरात पहिलं बोट तुझ्याकडे येईल. तू कमी खाल्लंस, तू जिने चढलीस, तू ग्रहणात बाहेर गेलीस. अगं, एकाच पोटात, एकाच आईच्या रक्तावर एक बाळ छान वाढतं आणि दुसरं मागे पडतं, तर त्यात तुझ्या ताटाचा दोष कसा असेल? बहुतेक वेळा कारण वारेत असतं. एकाच्या वाट्याला वारेचा भाग लहान आलेला असतो, किंवा त्याची नाळ अगदी कडेला जोडलेली असते. ते कुणाच्या हातात नसतं. तू खायचं ते तुझं रक्त आणि तुझी ताकद राखण्यासाठी. डाळी-उसळी, दूध-दही, शेंगदाणे, नाचणी, चालत असेल तर अंडी-मासे, थोडं थोडं आणि बऱ्याच वेळा, कारण वर ढकललेल्या पोटात एकदम मावत नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली जाऊ देऊ नकोस. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. आणि ‘बाळ वाढावं म्हणून’ महिनाभर पलंगावर पडून राहायला कुणी सांगितलं तर आधी डॉक्टरांना विचार. नुसतं पडून राहिल्यानं जुळ्यांची वाढ होते असं काही दिसून आलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका वाढतो. झोपताना मात्र उताणी न झोपता कुशीवर झोप.

रक्तदाबही याच गोष्टीतला भाग आहे. जुळ्यांत तो चढण्याचा धोका जास्त, आणि चढला की वारेचा पुरवठाही कमी होतो. म्हणून डॉक्टर काही जणींना बारा आठवड्यांनंतर अॅस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. तुला लागेल का ते विचार, मनानं मात्र घेऊ नकोस. साखरेची तपासणीही टाळू नकोस.

आता माहेरचं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, आणि मग आई न्यायला येणार, हे आपल्याकडे ठरलेलंच. पण आठवडे मोज. २८ ते ३२ आठवडे हाच जुळ्यांच्या वाढीचा नाजूक काळ, आणि नेमक्या याच वेळी गाव बदलतं, डॉक्टर बदलतात, फाइल इथली तिथे राहून जाते आणि मधली एक सोनोग्राफी चुकते. जायचंच असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांना दाखवून ये, पुढची तारीख घे आणि पूर्ण फाइल सोबत ने. जिथे बाळंत होणार त्या दवाखान्यात दोन नवजात बाळांची एकाच वेळी काळजी घेण्याची सोय आहे का, हे आईला आधी विचारायला लाव. तशी सोय गावात नसेल तर या वेळी आईनंच तुझ्याकडे येऊन राहावं. तिला वाईट वाटेल, पण समजेलही.

खर्चाचं दडपण असेल तर मोकळेपणानं सांग. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सोनोग्राफी, औषधं आणि बाळंतपण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते. जुळी म्हणजे जोखमीचं गर्भारपण, तशी नोंद आशाताईंकडून तुझ्या कार्डावर करून घे. मुलगा की मुलगी, हे मात्र कुणालाही विचारू नकोस आणि घरच्यांनाही विचारू देऊ नकोस. १९९४ च्या कायद्यानं ते सांगणं गुन्हा आहे, आणि त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानं स्वतःचा कायदा केला होता. प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म भरावा लागतो, म्हणून ओळखपत्र पिशवीतच ठेव.

आणि दिवसांचं गणित. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब जुळ्यांना लागू नाही. सगळं सुरळीत असलं तरी दोन वार असतील तर ३७ व्या आठवड्याच्या सुमाराला आणि एक वार असेल तर ३६ व्या आठवड्यात बाळंतपण करतात. गर्भजलाची पिशवीही एकच असेल तर नाळांचा गुंता होतो, म्हणून आणखी आधी, ३२ ते ३४ मध्ये. आणि बरीच जुळी आपणहूनच ३७ च्या आधी येतात.

सगळ्यात अवघड वेळ येते ती वाढीत अंतर पडल्यावर. लहान बाळाला आत त्रास होतोय, त्याला लवकर बाहेर काढलं तर बरं. पण मोठं बाळ सुखात आहे, त्याला अजून आतच राहू दिलं तर बरं. एकासाठी घाई केली तर दुसरं अपुऱ्या दिवसांचं होतं. दोन वार असतील तर फार कमी दिवस असताना मोठ्याच्या भल्यासाठी थांबण्याचाही विचार करता येतो, कारण एकाचं काही झालं तरी त्याचा थेट धक्का दुसऱ्याला सहसा बसत नाही. वार एक असेल तर तसं नाही. एकाचं हृदय थांबलं तर जोडवाहिन्यांतून दुसऱ्याचं रक्त तिकडे ओढलं जातं, आणि त्याच्या जिवाला किंवा मेंदूला धोका होतो. हा निर्णय एका दुपारी, घाबरलेल्या मनानं घ्यायची वेळ तुझ्यावर येऊ नये. म्हणून आत्ताच, सगळं ठीक असताना, नवऱ्याला सोबत घेऊन डॉक्टरांना विचार: “तशी वेळ आली तर तुम्ही कसा विचार कराल? कुठे पाठवाल?” फुप्फुसं तयार होण्यासाठीची इंजेक्शनं तुला कधी देतील, तेही त्याच वेळी विचारून ठेव. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

तारीख लांब असली तरी ज्यासाठी थांबायचं नाही ते पाठ कर. एक-दोन दिवसांत पोट एकदम ताणलं आणि आडवं झाल्यावर श्वास कोंडला. सातव्या महिन्यानंतर दोघांपैकी कुणाचीही नेहमीची हालचाल मंदावली. पाणी गेलं, रक्त गेलं, पोटात कळा यायला लागल्या. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा सुजला. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना, गाडी नसेल तर १०८. “सकाळी बघू” कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आज एवढंच कर. वार एक की दोन ते बघ, मला कळव, आणि सोनोग्राफीच्या सगळ्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून घरातल्या सगळ्यांना दाखव. त्या दिवशी लग्न असो, बारसं असो, आधी सोनोग्राफी. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही तर मी येते तुझ्याबरोबर, संकोच करू नकोस. बहुतेक जुळी सुखरूप येतात, बाळा. ज्यांना मदत लागते त्यांचं वेळेत कळावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, आणि तो तुझ्या दोघांसाठी चुकवायचा नाही.